गेरू लावलेली झाडं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमारीची जत्रा झाली की आठवडाभरात बगीच्यांतून तो वास सुरू होतो. आंबट, जरा दारूच्या वळणाचा, ओल्या मातीत मुरलेला. अंबिया बहाराची, म्हणजे उन्हाळ्याआधी फुललेल्या संत्र्यांची, फळगळ. अर्धवट पिकलेली संत्री एका बाजूनं पतंगानं टोचलेली असतात, झाडाखाली पडतात, दोन दिवस पाऊस आणि दोन दिवस ऊन खातात आणि सालीच्या आत त्यांचं पाणी होतं. वरून फळ धड दिसतं. पाय पडला की कळतं. चपलेच्या पट्ट्यात गेलेला तो गाळ घरच्या न्हाणीपर्यंत येतो.

संत्र्याच्या फुलांच्या वासावर लिहिलेलं मी पुष्कळ वाचलं आहे. ह्या वासावर कोणी लिहीत नाही. माझा सगळा धंदा मात्र ह्याच वासाच्या दिवसांतला. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत मी पांढुर्णा आणि सौंसरच्या मधले बगीचे, फळ झाडावर असतानाच, विकत घेते. इतकी वर्षं त्या वासाचं मला काही वाटत नव्हतं. आता तो सोसत नाही. यंदाही मोहगावच्या रस्त्यावर गाडी थांबवून दोनदा बाजूला जाऊन थुंकावं लागलं. बगीच्याचा रखवालदार म्हणाला, बाई, पित्त झालं असंल. त्याला काय सांगणार. दोन वर्षांपूर्वी हाच वास मला माणसाच्या पाठीला आला होता.

माझं काम साधं आहे. मालक म्हणतो, माझ्याकडे इतकी झाडं आहेत. मी म्हणते, मोजू. मग आम्ही ओळीनं चालतो. माझ्या एका हातात गेरूचा डबा, दुसऱ्या हातात कुंचा. पानं पिवळी पडलेली, शेंड्याला वाळलेल्या काड्या, बुंध्यातून डिंक गळतो आहे, असं झाड दिसलं की मी त्याच्या खोडाला गेरूचा पट्टा ओढते. पट्टा म्हणजे हे मोजणीत नाही. मालक ओरडतो, भांडतो, त्यावरची फळं दाखवतो. मी ऐकत नाही. चार झाडांना पट्टा लागला की पाचव्यापाशी मालकाचा आवाज खाली येतो, आणि मला तेच पाहिजे असतं. पट्टा ही माझीच युक्ती. नुसतं तोंडानं सांगितलेलं माणूस परतवून लावतो, खोडावर ओढलेलं त्याला दिसत राहतं.

हा धंदा मला सुमनताईनं शिकवला. ताई माझी मोठी नणंद. माझे यजमान गेले तेव्हा मी तीस वर्षांचीही नव्हते आणि सासरच्या सगळ्यांनी माझ्याकडे एकाच नजरेनं पाहिलं होतं, आता हिचं काय करायचं. ताई तेव्हा पांढुर्ण्याच्या मंडीत संत्री निवडायला बसायची. मोठी फळं एका ढिगात, मधली दुसऱ्यात, बारकी चुरी तिसऱ्यात. तिनं मला हाताला धरून तिथं नेलं, शेजारी बसवलं आणि एक फळ तळहातावर ठेवलं. म्हणाली, डोळ्यानं पाहू नको, डोळा फसवते. हातानं पाह. जड लागलं तर रस आहे, हलकं लागलं तर आत हवा आहे. बस, एवढंच माझं शिक्षण. बाकीचं मी भांडून मिळवलं.

पुढं मी बगीचे घ्यायला लागले तशी ताईही कधीमधी सोबत यायची. गेरूचा डबा तिला आवडत नसे. मी पट्टा ओढून पुढं गेले की ती मागं थांबून मालकाला हळूच सांगायची, दादा, याचं पाणी नका तोडू बरं. मला राग यायचा. एकदा परतताना मी तिला भर रस्त्यात बोलले की तू माझा सौदा नासवतेस. तिनं ओच्यातलं एक संत्रं सोलून अर्धं माझ्यापुढं धरलं.

नंतर तिचे हात जायला लागले. आधी बोटं, मग मनगट. मग पाय अडखळायला लागले, मग जीभ जड झाली. डोकं मात्र लखलखीत. नसांचा आजार, नाव एवढं लांब की आमच्यापैकी कोणाच्या तोंडात बसलं नाही. तिचा मुलगा प्रमोद सौंसरला शिक्षक आहे, ताई त्याच्याकडे राहायची. नागपूरला मोठ्या डॉक्टरकडे आम्ही तिघं गेलो. डॉक्टर बाई शांत होत्या, बराच वेळ बोलल्या, हातानं काहीतरी दाखवत होत्या. शेवटी इंग्रजीत टाईप केलेला कागद दिला. बाहेरच्या बाकावर बसून प्रमोदनं तो वाचला. एका शब्दावर बोट ठेवून मला दाखवला. इन्क्युरेबल. मी विचारलं, म्हणजे? तो म्हणाला, "म्हणजे आता काही होत नाही, मामी." कागदाची घडी केली, खिशात घातली, आणि आम्ही परतीची गाडी पकडली.

मला आजही ह्याचीच किळस येते. मी आयुष्यात कोणाच्या पहिल्या भावाला हो म्हटलेलं नाही. भाजीवाल्याच्या नाही, वकिलाच्या नाही, मंडीतल्या दलालाच्या तर नाहीच. आणि त्या दिवशी एका शब्दाला मी बाकावर बसल्या बसल्या हो म्हणून टाकलं. पुढचा एक प्रश्न केला नाही. इंग्रजीत होता म्हणून, टाईप केलेला होता म्हणून, वर दवाखान्याचा शिक्का होता म्हणून. माझ्या गेरूच्या पट्ट्यापुढं बगीच्यांचे मालक असेच गप्प होत असतील.

त्या कागदाचा फोटो प्रमोदनं नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. मग जे सुरू झालं त्याला सगळे प्रेमच म्हणतात. लोक भेटायला यायला लागले. पोहे खायचे, चहा प्यायचे, तिच्या पलंगापाशी बसून तिच्याविषयी बोलायचे. किती कष्ट केले हो सुमननं. स्वभाव किती चांगला होता. होता. ती समोर डोळे उघडे ठेवून पडलेली, आणि हे होता म्हणत होते. एका दूरच्या चुलतसासऱ्यांनी मोबाईलमधले तिचे जुने फोटो काढले आणि कोणता चांगला दिसेल ह्यावर चर्चा झाली. कशाला चांगला दिसेल, ते कोणी बोललं नाही. ताई ऐकत होती. मीही तिथंच होते, आणि लुगड्यातला बरा आहे, असं मी म्हणाले. खोटं कशाला लिहू.

मधे एकदा तिला जामसांवलीला नेलं. मारुतीच्या दारात आजारी माणसं महिना महिना मुक्कामाला असतात, त्यांच्या सोबतीला कोणी ना कोणी असतं, भाकरी थापतं, पाठ चोळतं. आमच्या लोकांनी पाच मिनिटं दर्शन घडवलं, तीर्थ पाजलं, आणि केलं हो आम्ही सगळं, असं म्हणत परत आणलं. हात-पाय हलवून घ्यायला एक बाई रोज यायची, तिला बंद केलं. खुर्चीत बसवून ओसरीत आणायचे, ते थांबलं. पलंग मागच्या खोलीत गेला, न्हाणीला लागून, सोयीचं पडतं म्हणून. प्रमोद वाईट मुलगा नाही. शाळा, घरची शेती, परीक्षेचे पेपर, माणूस दमतो. पण दमलेल्या माणसाला तो शब्द फार सोयीचा पडला, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं आहे आणि इथंही लिहिते.

ते दिवस सौद्यांचे होते. मी आठवड्यातून एकदा जायची, दहा मिनिटं बसायची, फळं ठेवायची, निघायची. गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी गेले तर खोलीत दोन उदबत्त्या लावलेल्या. त्यांच्याखालून मला तो वास आला. मला वाटलं माझ्याच चपलेचा. मी बाहेर जाऊन चपला पाहिल्या. त्या स्वच्छ होत्या. परत आत आले, चादर उचलली आणि ताईला कुशीवर वळवलं. कमरेच्या खाली तळहाताएवढी जागा सडली होती. वरून चादर पांढरी, इस्त्रीची. ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही. लाज तिला वाटत होती, आमच्यापैकी कोणाला नाही.

मी प्रमोदला बोलावून दाखवलं. तो दारातच थांबला. म्हणाला, "लिहूनच दिलं ना मामी त्यायनं. आपण काय करून राहिलो आता?" मला त्याला थोबाडीत द्यायची होती. दिली नाही, कारण त्या कागदाला मीही हो म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोहगावच्या अलीकडच्या एका बगीच्याचा सौदा होता. मालक इंग्रजीचे निवृत्त मास्तर. झाडं नीट राखलेली, फांद्यांना फळांचा भार, आणि प्रत्येक वाकलेल्या फांदीखाली बांबूचा टेकू दिलेला. मी चिडलेलीच होते, झरझर पट्टे ओढत चालले होते. सहाव्या ओळीत एका झाडापाशी मास्तर आडवे आले.

"बाई, हे जिवंत आहे."

"जिवंत असंल. कामाचं नाही."

"अजून फळ देऊन राहिलं ना."

"इन्क्युरेबल आहे ते, मास्तर," मी म्हणाले आणि पट्टा ओढला.

मास्तर हसले नाहीत. हा शब्द कुठून आणला, एवढंच विचारलं. का कोण जाणे, मी मोबाईल काढून तो फोटो त्यांच्यापुढं धरला. त्यांनी चष्मा वर केला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि वाचत राहिले.  मग म्हणाले, "याच्या खालचं कोणी वाचलं?"

खाली आठ ओळी होत्या. त्यांनी एक एक करून मराठीत सांगितल्या. दर दोन तासांनी कूस बदलावी. हातापायांचे व्यायाम रोज, कधीही बंद करू नयेत. बसवून जेवू घालावं. गिळायला त्रास झाला तर अन्न पातळ करावं. त्वचा रोज तपासावी. बोलणं चालू ठेवावं, रुग्णाला सर्व समजतं. बाकीच्या दोन आता आठवत नाहीत. डॉक्टर बाई हातानं दाखवत होत्या ते हेच होतं. एका शब्दाखाली आठ ओळींचं काम लिहिलेलं होतं, आणि शिकलेल्या पोरानं शब्दावर बोट ठेवून घडी घातली होती, आणि बाकी सगळ्यांनी तो फोटो मोबाईलमध्ये महिनाभर बाळगला होता.

मास्तरांनी घरात नेलं, चहा सांगितला, आणि कपाटातून जाड शब्दकोश काढला. मला त्या वेळी शब्दकोश नको होता. पण शिकवणारा माणूस थांबत नाही, आणि नंतर वाटलं की बरं झालं. ते म्हणाले, ह्या शब्दाच्या पोटात लॅटिनमधला एक शब्द आहे, क्युरा. त्याचा अर्थ बरं करणं नाही. त्याचा अर्थ काळजी. जपणूक, लक्ष ठेवणं. गावच्या लोकांची काळजी ज्याच्याकडे, अशा ख्रिस्ती धर्मगुरूला त्याच शब्दावरून नाव पडलं, क्युरेट. संग्रहालयातल्या जुन्या वस्तू सांभाळणाऱ्याला त्यावरूनच नाव, क्युरेटर. काळजी घेऊन केलेलं, चूक नसलेलं, ते ॲक्युरेट. मला हसू आलं, कारण तो शब्द माझ्या वजनकाट्यावर छापलेला आहे.

मग काळजीचा बरं करणं कधी झालं, मी विचारलं. ते म्हणाले, हळूहळू. आधी वैद्य रोग्याची काळजी घ्यायचा म्हणून तो शब्द, मग काळजीनं माणूस बरा व्हायचा म्हणून तो शब्द, आणि होता होता काळजी गळून पडली आणि फक्त बरं होणं उरलं. मग जे बरं होत नाही त्याला हा शब्द. पुढं तर माणसांनाच हे नाव लागलं. तिकडं विलायतेत अशा लोकांसाठी वेगळ्या इमारती बांधल्या आणि दरवाजावरच तसं लिहिलं. आत जाणाऱ्यानं ते डोक्यावर वाचूनच आत जायचं.

चहा तसाच राहिला. मला त्या शब्दाचा सगळा प्रवास घाणेरडा वाटला. फळ जसं आतून पाणी होतं आणि साल चकचकीत राहते, तसा तो. त्याच्या आत काळजी होती, ती सडून गेली, आणि वरची साल माणसं एकमेकांना दाखवत राहिली. आपला असाध्य हा शब्द तरी काय वेगळा? साधता येत नाही, म्हणजे माझ्या फायद्यात बसत नाही. माझ्याच धंद्याची भाषा. पण मास्तरांचे वडील वैद्य होते, आणि त्यांनी त्यांच्याकडून ऐकलेला एक जुना शब्द सांगितला, याप्य. जो रोग जात नाही, पण देखभाल चालू असेपर्यंत माणूस उभा राहतो, तो याप्य. देखभाल काढली की कोसळतो. त्यांनी खिडकीतून बाहेर हात केला. बाहेर फांद्यांखाली बांबू उभे होते. त्या टेकूंनी एकही फांदी बरी होत नव्हती. ती फक्त मोडत नव्हती.

सौदा अर्धवट टाकून मी उठले. असं आधी कधी केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

सौंसरला पोचले तेव्हा प्रमोद शाळेतून नुकताच आला होता. माझ्या मागं संत्र्यांची कॅरेट वाहायची आमची पिकअप होती, तीत गादी घातलेली. मी सांगितलं, ताईला पांढुर्ण्याला नेते. तो लाल झाला. लोक काय म्हणतील, मुलगा असताना भावजयीच्या घरी. मी म्हणाले, लोकांचे फोटो निवडून झाले आहेत, ते आता काही म्हणणार नाहीत. मग तो आवाज चढवून म्हणाला, "तुमी काय आईला बरं करून दाखवनार हाय का?"

"नाही," मी म्हणाले. "बरं करायला नाही नेत."

"मंग काहून नेता?"

मी आत जाऊन ताईला उचलायला लागले.  पिकअपमध्ये चढवताना तिनं माझ्या खांद्यावरचा पदर दातांनी धरला होता. हात चालत नव्हते म्हणून.

काळजी ही गोष्ट सुंदर असते असं कोणी सांगितलं तर त्याला माझ्याकडे पाठवा. ती घाण असते. ती जखम धुताना पहिल्या दिवशी मी मोरीत जाऊन ओकले, मग तोंड धुऊन परत आले. दवाखान्यातल्या नर्सबाई येऊन शिकवून गेल्या, मग मीच करत राहिले. दर दोन तासांनी उशी इकडची तिकडं. भात मिक्सरमधून काढायचा, चमचा उभा धरायचा, ठसका लागला की पाठीवर थाप. ती चिडायची, मी चिडायची. एका दिवशी मी तिला खूप बोलले आणि तिनं तोंडातला घास माझ्या अंगावर थुंकला. दोघींचे स्वभाव सारखे. हिवाळा सरता सरता जखम भरत आली. हात आला नाही. येणारच नव्हता.

त्या हिवाळ्यात मी एक काम केलं, ते कोणाला सांगितलं नव्हतं. आदल्या हंगामात ज्या बगीच्यांत पट्टे ओढले होते, तिथं पुन्हा गेले. माझ्या गेरूच्या झाडापाशी ठिबकची नळी सगळीकडे तोडलेली होती आणि भोकात प्लास्टिकचं बूच ठोकलेलं. एकही झाड सुटलं नव्हतं. सगळी वाळून सरळ उभी होती. एका मालकानं कौतुकानं सांगितलं, "बाई, तुमचा डोळा एकदम पक्का. तुमी म्हनलं गेलं, अन् खरंच गेलं." वर्षानुवर्षं मी हे ऐकत आले होते आणि फुलत आले होते. त्या दिवशी मी वाकून नळी पाहिली. माझा डोळा पक्का नव्हता. बूच पक्कं होतं.

गेरू मी सोडलेला नाही. धंदा आहे, भाव पाडायचा असतो. पण पट्टा ओढला की आता मी नळी पाहते आणि मालकाला बजावते, पाणी तोडलं तर पुढच्या वर्षी तुमच्या बगीच्यात पाय ठेवणार नाही. ते मला वेडी म्हणतात. मास्तरांचं ते झाड अजून आहे. पिवळंच आहे, डिंक गळतोच आहे, फळं बारीक धरतात. मागच्या वर्षी आम्ही दोघं त्या एका झाडासाठी घटकाभर भांडलो आणि शेवटी ते अर्धं झाड म्हणून मोजणीत धरलं.

यंदाही त्यांचा बगीचा मीच घेतला. परवा सौदा पक्का झाला, आणि सवयीनं चार फळं पिशवीत टाकून घरी आणली. प्रमोद आला होता. तो आता दर रविवारी येतो, दारात चपला काढतो, आईजवळ बसतो, तिची चादर सारखी करतो. मी त्याला अजून माफ केलेलं नाही, आणि त्यानं मला. जाताना त्यानं नेहमीसारखं विचारलं, "मामी, आई काही बरी होऊन राहिली का?"

"नाही," मी म्हणाले. "जेवून राहिली."

तो गेला. मी ताईला उशांना टेकवून बसवलं, कोपराखाली दुमडलेली चादर लावली आणि पिशवीतलं एक संत्रं तिच्या उघड्या तळहातावर ठेवलं. बोटं मिटत नाहीत तिची, फळ नुसतं वर बसून राहतं. तिनं डोळे मिटले. मी वाट पाहत राहिले. तिच्या जिभेला शब्द जुळवायला आता वेळ लागतो.

"हल-कं," ती म्हणाली. मग तोंडाची एक बाजू वर करून, "फसली तू."

मला असा राग आला. बगीचाभर फिरून, शंभर फळं हातात तोलून मी तो सौदा केला होता. मी ते फळ तिच्या हातावरून उचललं, पिशवीतलं दुसरं काढलं, आणि म्हणाले, आता हे पाह.